रक्ताची रांग आणि मदतीची रांग

(विहाराच्या वर्धापनदिनी रक्तदान व मदत पथकाच्या वतीने झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

वर्धापनदिन म्हटला की धम्मावर प्रवचन होतं, गतवर्षीचा जमाखर्च वाचला जातो आणि मग जेवणाची पंगत बसते. यंदा कमिटीने आम्हाला विषय दिला तो रक्तदानाचा आणि आपत्तीतल्या मदतीचा. कुणी म्हणेल, हा तर डॉक्टरांचा आणि कलेक्टरांचा विषय, त्याचा विहाराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. तेवढाच आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

आपण नाशिकची माणसं. २ मार्च १९३० हा दिवस आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो. त्या दिवशी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांचं नेतृत्व, दादासाहेबांचं संघटन आणि खेड्यापाड्यांतून पायी आलेली आपली आजी-आजोबांची पिढी. दार उघडलं नाही. का उघडलं नाही? तर म्हणे यांच्या स्पर्शाने देव बाटेल. आता गंमत पाहा. त्याच १९३० साली कार्ल लँडस्टायनर नावाच्या शास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक मिळालं. कशासाठी? माणसाच्या रक्ताचे गट शोधून काढले म्हणून. हा शोध त्यांनी १९०१ सालीच व्हिएन्ना शहरात जाहीर केला होता. ए, बी, ओ असे रक्ताचे गट आहेत, आणि ते ब्राह्मणातही आहेत, महारातही आहेत, गोऱ्यातही आहेत, काळ्यातही आहेत, हे विज्ञानाने सिद्ध केलं. म्हणजे ज्या वर्षी जगाने रक्तगटाच्या शोधाचा सन्मान केला, त्याच वर्षी आपल्या गोदाकाठी माणसाच्या स्पर्शाचा विटाळ मानला जात होता.

पण हे फक्त आपल्याकडेच घडलं असं समजू नका. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बांधवांची कहाणी ऐकली की आपलीच कहाणी ऐकतोय असं वाटतं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, हे आपल्याला माहीत आहे. त्याच विद्यापीठातून १९४० साली चार्ल्स ड्र्यू नावाच्या एका कृष्णवर्णीय डॉक्टरने डॉक्टरेट मिळवली. विषय होता रक्त साठवून कसं ठेवायचं हा. दुसरं महायुद्ध चालू होतं. इंग्लंडवर बॉम्ब पडत होते. अमेरिकेतून तिकडे रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, पाठवण्याचं काम याच ड्र्यू साहेबांनी बसवून दिलं. पुढे १९४१ साली अमेरिकेच्या रेड क्रॉसने सैन्यासाठी देशभर रक्त गोळा करायला घेतलं, आणि नियम काय केला? कृष्णवर्णीयांचं रक्त घ्यायचंच नाही! म्हणजे ज्या समाजाच्या माणसाने रक्तपेढी उभी करून दिली, त्याच्याच समाजाचं रक्त चालत नव्हतं. ओरड झाली तेव्हा जानेवारी १९४२ पासून घेऊ लागले. पण बाटलीवर वेगळी खूण आणि साठवण वेगळी. शास्त्रात याला काडीचा आधार नाही, हे ड्र्यू साहेबांनी जाहीरपणे सांगितलं. रेड क्रॉसने ही पद्धत बंद केली ती १९५० साली. आपल्याकडे पाणवठा वेगळा होता, त्यांच्याकडे रक्ताची बाटली वेगळी होती.

ड्र्यू साहेब १ एप्रिल १९५० रोजी मोटार अपघातात गेले. गोऱ्यांच्या दवाखान्याने रक्त नाकारलं म्हणून ते गेले, अशी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते. ती खरी नाही. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना वाचवायचा प्रयत्न केला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या सभांमध्येही कधीकधी ऐकीव गोष्टी चढवून सांगितल्या जातात. खरा इतिहासच एवढा भरपूर आहे की त्याला मीठमसाल्याची गरज नाही.

बाबासाहेबांचं तिकडे बारीक लक्ष होतं. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कळवलं, की तुमच्या आणि आमच्या स्थितीत फार साम्य आहे. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिलं. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. पण ब्लॅक पँथरचं एक काम आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. मोर्चे, घोषणा यांच्याबरोबर त्यांनी वस्त्यांत मोफत दवाखाने काढले आणि १९७१ पासून सिकल सेल या रक्ताच्या आजाराची तपासणी सुरू केली. सरकारने आमच्या आजाराकडे पाहिलं नाही, तर आम्ही पाहू, असा तो बाणा होता. १९७२ साली अमेरिकेत या आजारासाठी राष्ट्रीय कायदा झाला.

हा सिकल सेल काय आहे, ते थोडं समजून घेऊ. आपल्या रक्तातली लाल पेशी गोल असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि मग सांधे, छाती, पोट असं काही दुखतं की पोर तळमळतं. हा आजार लागण होऊन होत नाही, आईबापांकडून येतो. एकाच पालकाकडून आला तर माणूस फक्त वाहक राहतो, त्याला त्रास होत नाही. दोघांकडून आला तर आजार होतो. अमेरिकेत सुमारे एक लाख लोकांना हा आजार आहे आणि त्यांतले बहुतेक आफ्रिकन वंशाचे आहेत. आपल्याकडे तो आदिवासींमध्ये जास्त आहे. विदर्भात तर आपल्या बौद्ध समाजातही बराच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवरही त्याचे रुग्ण आहेत. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं. आपली बरीच कुटुंबं विदर्भाशी सोयरिकीने जोडलेली आहेत. तेव्हा लग्न जमवताना पत्रिका पाहण्याची सवय आपण सोडली तशी ही एक तपासणी करून घेण्याची सवय लावली पाहिजे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

आता मुख्य मुद्दा. ज्यांना असे आजार आहेत त्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं. थॅलेसेमियाच्या मुलाला तर दर दोन-चार आठवड्यांनी. आणि रक्त नुसतं ए, बी, ओ आणि आरएच एवढं जुळून भागत नाही. लाल पेशीवर तीनशेहून जास्त प्रकारच्या खुणा असतात. पुन्हापुन्हा रक्त घेणाऱ्याच्या शरीराला परक्या खुणा ओळखू येऊ लागतात, आणि मग रक्त नाकारलं जातं. अशा वेळी बारकाईने जुळणारं रक्त शोधावं लागतं, आणि ते मिळण्याचा संभव ज्यांचे पूर्वज एकाच मुलखातले त्यांच्यात जास्त. म्हणून ज्या अमेरिकन रेड क्रॉसने एकेकाळी कृष्णवर्णीयांना दारातून परत पाठवलं, तीच संस्था आज त्यांच्या वस्तीत, त्यांच्या चर्चमध्ये, त्यांच्या कॉलेजात जाऊन सांगते की बाबांनो, रक्त द्या, तुमच्या मुलांना तुमच्याच रक्ताची गरज आहे. २०२१ पासून यासाठी त्यांनी खास मोहीम चालवली आहे. काळाचा महिमा म्हणतात तो हा.

इथे एखादा हुशार माणूस लगेच विचारेल, म्हणजे रक्ताला जात असते असंच ना? नाही. अगदी नाही. जात माणसाने केली. या खुणा निसर्गाने केल्या. जिथे मलेरिया फार, तिथे सिकल सेलचे वाहक जास्त तगले, म्हणून तो गुण त्या मुलखात टिकला. त्यात उच्च काही नाही, नीच काही नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी दुर्मीळ रक्तगट शोधला. जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण अशा माणसाला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. उद्या एखाद्या वाड्यातल्या म्हाताऱ्या आजीला हे रक्त लागलं आणि ते आपल्या वस्तीतल्या एखाद्या हमालाच्या अंगात निघालं, तर? आजी जात विचारत बसणार आहे का? आणि उलटही घडू शकतं. म्हणूनच प्रत्येक वस्तीतून, प्रत्येक समाजातून रक्त आलं पाहिजे. एखादी वस्ती मागे राहिली की कुणाचं तरी जुळणारं रक्त सापडत नाही.

मग आपल्या वस्त्या मागे का राहतात? जयंतीला शिबिरं होतात, गर्दीही होते, हे खरं. पण घरोघर फिरलो की आम्हाला तेच तेच ऐकू येतं. "आमच्यात आधीच रक्त कमी, देणार कुठून?" "दिलं की अशक्तपणा येतो, कामावर खाडा होतो." "आमचं रक्त घेतात आणि आम्हालाच विकतात." यांतलं काहीच थट्टेवारी नेण्यासारखं नाही. अमेरिकेतही हा अविश्वास आहे आणि त्याला कारण आहे. टस्कगी या ठिकाणी १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं गरीब कृष्णवर्णीय माणसांवर सरकारी डॉक्टरांनी उपदंशाचा अभ्यास केला; औषध निघालं तरी दिलं नाही, आणि त्यांना खरं काय ते सांगितलंही नाही. आपल्याकडेही आणीबाणीतली नसबंदी जुनी माणसं विसरलेली नाहीत. आणि एक काळ असा होता की पोटासाठी माणसं रक्त विकत होती. त्यांत हमाल होते, रिक्षावाले होते, बेकार पोरं होती. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं देशात बंद झालं. गरिबाच्या रक्ताचा बाजार कायद्याने तरी संपला.

शंकांना सरळ उत्तरं द्यायची आम्ही रीत ठेवली आहे. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, घेतात साडेतीनशे मिलिलिटर. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, लाल पेशींना काही आठवडे लागतात. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, एवढं पाहिजे. पुरुषाने दोन वेळांमध्ये ९० दिवस आणि बाईने १२० दिवस अंतर ठेवायचं. प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ ब आणि क, उपदंश आणि मलेरियासाठी तपासली जाते. पैसे लागतात ते या तपासणीचे आणि साठवणीचे. रक्ताला किंमत नसते. थॅलेसेमिया आणि सिकल सेलच्या रुग्णांना महाराष्ट्रात रक्त मोफत द्यायचं असा नियम आहे, हे मात्र आपल्या लोकांना ठाऊकच नसतं. म्हणून ते इथे मुद्दाम सांगितलं.

आणि "आमच्यात रक्त कमी" हे आपल्या माता-भगिनींच्या बाबतीत खरंच आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शिबिरात बाई येते, बोटाला सुई टोचतात, "हिमोग्लोबिन कमी आहे" म्हणून परत पाठवतात आणि विषय तिथेच संपतो. आमचं म्हणणं असं की तिथे तो सुरू झाला पाहिजे. परत गेलेल्या प्रत्येक बाईचं नाव वहीत टिपायचं, तिला दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळवून द्यायच्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. तिने रक्त दिलं तर उत्तमच. नाही दिलं तरी ती स्वतः सुधारली, हे काय थोडं झालं?

दुसरी गोष्ट तरुणांना सांगायची आहे. आपण १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन दिवशी रक्ताचा पूर आणतो. भावना मोठी आहे, तिला नमस्कार. पण लाल पेशी टिकतात पस्तीस ते बेचाळीस दिवस आणि प्लेटलेट तर पाचच दिवस. एप्रिलच्या मध्याला सगळ्यांनी एकदम दिलं, की जूनमध्ये ते रक्त कामाला येत नाही आणि दिलेल्या माणसाला जुलैपर्यंत पुन्हा देता येत नाही. नेमक्या मे-जून महिन्यांत कॉलेजं बंद, माणसं गावी, आणि रक्तपेढ्या कोरड्या. म्हणून निम्म्यांनी जयंतीला द्यावं, निम्म्यांनी बुद्धपौर्णिमेनंतर. उरलेल्या वर्षाचेही असेच वाटे करता येतील. मिरवणुकीत रात्रभर नाचून उपाशीपोटी द्यायला येऊ नये. आणि भेटवस्तूच्या लोभाने तर मुळीच नको. वस्तूसाठी आलेला माणूस आपला आजार लपवतो, आणि तो धोका एखाद्या बाळंतिणीच्या वाट्याला जातो.

हे झालं रक्ताच्या रांगेचं. आता मदतीची रांग.

ज्या १९२७ सालच्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीचा बांध फुटला. ग्रीनव्हिल या गावी हजारो कृष्णवर्णीय मजूर बांधावरच्या छावणीत अडकले. जमीनदारांना भीती, की मजूर निघून गेले तर शेतावर कोण राबेल? म्हणून त्यांना बाहेर जाऊ दिलं नाही, मदतीची पोती त्यांनाच वाहायला लावली, आणि अन्न मिळायचं ते गळ्यात बिल्ला असेल तर. २००५ साली कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स शहर बुडालं, तेव्हाही ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय, मागे राहिले.

आपल्याकडे काय वेगळं झालं? २००१ चा भूजचा भूकंप आणि २००४ ची तमिळनाडूतली त्सुनामी, दोन्ही वेळी दलितांना छावणी वेगळी, पाण्याला मज्जाव, मदत सर्वांत शेवटी, असे अहवाल प्रसिद्ध झाले. आणि जिथे कुणी उघड भेद करत नाही, तिथे नियमच भेद करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सारा महाराष्ट्र मदतीला धावला, ही आपल्या राज्याची शान आहे. पण पुनर्वसनाची घरं कशी वाटली? जमिनीच्या हिशेबाने. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीनवाल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, आणि त्यावर ७५०. नियमात जातीचा शब्द नाही. पण भूमिहीन कोण होते, ते सांगायची गरज आहे का? ज्या दादासाहेबांनी भूमिहीनांच्या सत्याग्रहासाठी आयुष्य झिजवलं, त्यांच्या जिल्ह्यातल्या माणसांनी तरी हे आकडे विसरू नयेत.

नाशिकला भूकंपापेक्षा भीती पाण्याची. पूर किती आला हे आपण दुतोंड्या मारुतीवरून मोजतो: कमरेला लागला, छातीला लागला, बुडाला. २००८, २०१६, २०१९ चे पूर आपण पाहिले. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की बातमी रामकुंडाची येते; पण नासर्डी आणि वाघाडीच्या काठच्या झोपड्यांत पाणी शिरतं, त्याची बातमी उशिरा येते. पाणी ओसरल्यावर तलाठी पंचनामा करतो. ज्याच्याजवळ कागद, त्याचं नाव यादीत. भाड्याने राहणारा, बांधकामावरचा मजूर, रेशनकार्ड वाहून गेलेली विधवा यांचं नाव कोण सांगणार?

इथे विहाराचं काम सुरू होतं. आपल्या विहाराला पक्की भिंत आहे, गच्ची आहे, सभागृह आहे. तीन गोष्टी पावसाळ्यापूर्वी करून ठेवल्या तर पुष्कळ झालं. पहिली, वस्तीतल्या प्रत्येक घराची यादी: माणसं किती, म्हातारं कोण, गरोदर कोण, रोजचं औषध कुणाला, कागदांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. दुसरी, पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याबरोबर फिरणारी चार शिकलेली पोरंपोरी, म्हणजे भाडेकरूचं नावही सुटणार नाही. तिसरी, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर. याच वहीच्या मागच्या पानांवर रक्तगटांची यादी. एकच वही, दोन्ही कामं.

आणि या वहीत फक्त आपलीच घरं नसावीत. शेजारची मुसलमान वस्ती, सुरगाण्या-पेठेहून मजुरीला आलेली आदिवासी कुटुंबं, मागच्या गल्लीतले सवर्ण गरीब, सगळ्यांची नावं त्यात हवीत. आपल्याला शेवटच्या नंबरला उभं केलं म्हणून आपणही कुणाला शेवटी उभं करायचं, हा धम्म नव्हे. आजारी भिक्खूकडे संघातलं कुणी बघत नव्हतं, तेव्हा तथागतांनी स्वतः आनंदाला घेऊन त्याला आंघोळ घातली, आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची करावी अशी शिकवण दिली. दहा पारमितांत दान आहे. वाटीत दहा रुपये टाकणं हे दान आहेच. पण ज्याचं तोंड कधी पाहणार नाही अशा माणसासाठी हात पुढे करणं, यात दात्याचं नावही उरत नाही आणि घेणाऱ्याची लाचारीही उरत नाही.

बांधवांनो, काळारामाच्या दारात आपल्या पूर्वजांनी हक्क मागितला. तो हक्काचा लढा संपलेला नाही, मदतीच्या रांगेत तर तो रोज लढावा लागतो. पण रक्तपेढीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला कुणी "तू कोण?" विचारत नाही. तिथे आपण बरोबरीने बसतो, आणि ती बरोबरी कुणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. तिथे आपल्या वस्तीची खुर्ची रिकामी राहू नये.

वही आज दाराशी, चपलांच्या रॅकजवळच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना प्रत्येक घरातल्या एकाने तरी नाव, रक्तगट आणि घरातल्या माणसांची संख्या लिहून जावं. रक्तगट ठाऊक नसेल तर तसं लिहावं, तपासणीची व्यवस्था आम्ही करू. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेऊ. पण जेवणाला बसण्याआधी लिहा, कारण जेवल्यावर आपण सगळेच विसरतो.

सर्वांचं मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!